मागचं तू बघ

माझे भावोजी जन्मभर उलटे चालले. हे मी चिडून म्हणत नाही. चिडून म्हणण्यासारखंही त्यांच्यात पुष्कळ होतं, त्याकडे येतेच. पण हे आपलं अगदी सरळ, होतं तसं सांगते आहे. ते दोर वळायचे. हाताने दोर वळणारा माणूस कमरेभोवती वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, जाड वेढा गुंडाळतो, त्यातली चिमूटभर टोकं चाकाच्या आकड्यात अडकवतो आणि चाक फिरायला लागलं की एकेक पाऊल मागे सरकत जातो. बोटांमधून वाख सुटत राहतो, चाक त्याला पीळ देत राहतं, आणि माणूस जसजसा मागे जाईल तसतसा त्याच्यासमोर धागा लांबत जातो. असे बरेच धागे एकत्र पिळले की पदर, आणि पदर पिळले की दोर. म्हणजे दोर जेवढा लांब, तेवढं माणसाला उलटं चालायचं असतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची शेड होती. रुंदीला एखाद्या खोलीएवढी आणि लांबीला जवळजवळ सगळ्या गल्लीएवढी. बांधणाऱ्याने थांबायचं कुठे हे ठरवलंच नसावं असं वाटायचं. एका अंगाला ओळीने खिडक्या, दुसऱ्या अंगाला धागे टांगायच्या खुंट्या. दुपारी खिडक्यांतून उन्हाचे पट्टे आत पडायचे आणि वाखाचा बारीक भुसा त्यात तरंगत असायचा, खाली बसायचं नावच घ्यायचा नाही. त्या पट्ट्यांतून भावोजी मागे मागे जायचे. उन्हात आले की दिसायचे, सावलीत गेले की पुसट व्हायचे, पुन्हा दिसायचे, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडे लहान. चाकाची घरघर कानात घेऊन हे बघत बसलं की डोळे जड व्हायचे. मी लहान असताना तिथे किती वेळा झोपले असेन, सांगता येत नाही. जागी व्हायचे तेव्हा कधी घरी अंथरुणात असायचे, कधी ताईच्या मांडीवर.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, भावोजींची बायको. चाक ती फिरवायची.

गल्लीतली पोरं भावोजींना उलटेकाका म्हणायची. रस्त्याने सरळ चालले की ओरडायची, "उलटेकाका, आज सुट्टी का?" भावोजी तेवढ्यावर खूश होऊन पोरांसाठी चार पावलं उलटी चालून दाखवायचे. ताईला हे मुळीच आवडायचं नाही. "वय काय, चाललंय काय," म्हणायची. पण तोंडाला पदर लावून हसायचीही.

आता त्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. उलटं चालताना मागे वळून बघायचं नसतं. मान वळली की कंबर वळते, कंबर वळली की वाख एकदम जास्त सुटतो आणि धाग्यात जाड गाठोडं येतं. तेवढ्या जागी पीळ नीट बसत नाही. दोर पुढे कधीतरी तुटतो तो नेमका तिथेच. म्हणून नजर समोर धाग्यावर ठेवायची आणि पाठीमागे काय आहे ते विसरायचं. भावोजी अगदी लहानपणी हे शिकायला लागले तेव्हा चाकावर त्यांची आई असायची. पहिल्याच दिवशी ते शेवटच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळले आणि डोक्याला हे एवढं टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी पाऊल उचलेनात. भिंतीने धास्तीच घेतली होती त्यांची, किंवा त्यांनी भिंतीची. तेव्हा आई म्हणाली, "तू फक्त धाग्याकडे बघ. मागचं मी बघते." भिंतीच्या अलीकडची एक खुंटी तिने चुन्याने पांढरी केली. खांदा वाटेतल्या सगळ्याच खुंट्यांना घासायचा, पांढरी कुठली ते मागे न बघता कळायचं नाही; म्हणून पोर तिच्यापाशी पोचलं की आई चाकावरून हाक मारायची, "पोचलास!"

मग आई गेली. अचानकच. भावोजींना तेव्हा जेमतेम लिहिता-वाचता येत होतं. वडिलांनी चाक हातात घेतलं, पण ते होते अबोल. हाक मारायचं त्यांना सुचायचं नाही. म्हणून त्या पोराने आपल्या अकलेप्रमाणे व्यवस्था लावून टाकली. कमरेला वाख गुंडाळून उभा राहिला, वर छताकडे बघितलं आणि म्हणाला, "आता आई नाही. मागचं तू बघ."

तीच त्यांची प्रार्थना. पुढे वय वाढलं, लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी तिच्यात एका शब्दाची भर पडली नाही. रोज पहिला धागा आकड्यात अडकवला की वर बघून, "मागचं तू बघ रे." बस्स. जेवणाआधी नाही, झोपताना नाही. मी एकदा म्हटलं, "भावोजी, देवाला एवढ्यावर भागतं?" तर म्हणाले, "त्याला कामं असतात गं."

ताई लग्न होऊन आली आणि चाकावर बसली. हाक मारायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. "अहो, पोचलात!" दिवसातून कितीदा तरी हा आवाज त्या लांबलचक शेडमधून जायचा. मला चिडवायला फावलं. "देव कुठे बघतोय? ताई बघते."

"तिला तिथे बसवली कोणी?" भावोजी विचारायचे.

"आमच्या बाबांनी. लग्न त्यांनी ठरवलं."

"मग त्यांनाही सांग, माणूस छान निवडलं."

कपाळ माझं! त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारण्यासारखं होतं.

माझ्याबद्दलही दोन शब्द सांगते. मी आयुष्यभर एका छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हाच धंदा, त्यामुळे नजर तशीच झाली. नवरा लवकर गेला, काही कारण नसताना. माझं आणि देवाचं तेव्हाच फाटलं. आहे की नाही या वादात मी पडले नाही. आहे असं धरून चालले, आणि त्याच्या कामात मला जागोजाग चुका दिसत राहिल्या. भावोजींना त्या दिसत नसत याचा मला राग यायचा.

एकदा तर फार आला. ताईला उशिरा एक मुलगी झाली होती. गोड होती, पण जीव अशक्त होता. रांगायला लागली आणि तापाने गेली. भावोजी ओक्साबोक्शी रडले; लोक बघताहेत याची त्यांना कधी लाजच वाटली नाही. रडून झाल्यावर नाक पुसत मला म्हणाले, "अजून चालता येत नव्हतं ना तिला. म्हणून कडेवर घेऊन गेला असेल." मी तिथून उठून गेले. ताई मात्र ते वाक्य ऐकून पहिल्यांदा झोपली. मी दाराबाहेर उभी राहून तिचा श्वास ऐकत होते, आणि मला दोघांचीही कीव येत होती. थोडा हेवाही वाटत होता, तो मी तेव्हा कीवेतच मोजला.

वर्षं गेली. यंत्राचे दोर आले, तरी भावोजींच्या दोराला मागणी राहिली, कारण हातात धरायचा दोर हाताने वळलेलाच बरा असं मानणारी माणसं अजून होती. भावोजींना कमी ऐकू यायला लागलं. ताई आवाज चढवून हाक मारायची. शेजारी म्हणायचे, यांचं रोज भांडण चालतं.

आणि एका सकाळी चाक मंदावलं. भावोजी शेडच्या मध्यावर होते. त्यांनी नंतर मला सांगितलं, आधी धागा बोटांत ढिला पडला, मग त्यांनी समोर बघितलं. ताईचं डोकं एका बाजूला कललं होतं आणि हात चाकावरून हळूहळू घसरत होता. हातातला धागा टाकून ते धावले. आयुष्यात त्या शेडमध्ये ते पहिल्यांदाच सरळ धावले असतील. पीळ सुटलेला धागा त्यांच्या पायांत गुंतला, तो तसाच ओढत ते तिच्यापर्यंत आले.

ताई वाचली. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मी माझी बॅग घेऊन तिथेच राहायला गेले. मागच्या खोलीत तिची खाट टाकली. पहिल्या दोन दिवसांतच कळलं की तिला तिथे चैन पडत नाही. भावोजी शेडमध्ये गेले की तिचे डोळे दाराला लागायचे आणि डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर ओघळत राहायचं. भावोजींनी शेजारच्या सुताराला हाक मारली, खाट उचलली आणि शेडमध्ये चाकाच्या अगदी लगत नेऊन ठेवली. उशा उंच करून तिला अशी निजवली की समोर शेवटच्या भिंतीपर्यंत सगळं दिसावं. चाकावर मी बसले.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. लहानपणापासून मी ती शेड बघत होते, पण चाक हातात घेऊन कधी बघितली नव्हती. उलटं चालणारा माणूस चाकाकडे तोंड करून चालतो. म्हणजे भावोजी जन्मभर ताईपासून लांब लांब जात होते, पण तिच्याकडे बघत बघत. आता ती खाटेवर होती तरी नजर तशीच. उन्हाच्या पट्ट्यांतून मागे सरकणारा तो म्हातारा आणि त्याच्यावर डोळे लावून पडलेली ती. मध्ये तो धागा, लांबत चाललेला. चाक फिरवता फिरवता मला पुष्कळदा कळायचं नाही की मी जागी आहे की लहानपणासारखी झोपले आहे.

जाग यायची ती धडामकन. खुंटीपाशी भावोजी आले की मी जिवाच्या आकांताने ओरडायचे, "भावोजी, पोचलात!" त्यांना ढिम्म ऐकू यायचं नाही. ताईच्या आवाजाची कानाला सवय होती. माझा आवाज छापखान्यातला, कुजबुजून बोलायची सवय लागलेला. ते भिंतीवर आदळायचे, धागा तुटायचा. मी घंटा आणून वाजवली. घंटेने शेजारचा सुतार धावत आला, भावोजी नाही.

मग भावोजींनी देवाकडे मागणं घातलं. खाटेच्या कडेला बसून, मोठ्याने, कारण स्वतःला ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांशीच मोठ्याने बोलायचे. "हे बघ, तिचा आवाज दे. एवढंच. दुसरं काही मागत नाही." मग लगेच जोडलं, "पुढचं पुढे बघू." ताईचं अर्धं तोंड हसलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी तिच्या ओठांशी कान नेऊन बसायचे. दुकानदाराने द्यायची कबूल केलेली वस्तू आज आली का, हे बघायला जावं तसे. दोर न्यायला येणाऱ्यांना सांगायचे, "पुढच्या खेपेला आलात की तीच बोलेल तुमच्याशी."

मला ते बघवत नव्हतं. एकदा मी फटकारलंच, "आणि नाही आला आवाज तर?"

"का नाही येणार?" त्यांनी अगदी भाबडेपणाने विचारलं.

डॉक्टरीणबाई महिन्याने तपासायला आल्या. बाई चांगल्या होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. आवाज आता परत येणार नाही म्हणाल्या. असा झटका पुन्हा येईल, आणि तो आला की हाती काही राहणार नाही. भावोजींना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला आणि बाईंना ते सगळं पुन्हा, मोठ्याने, ताईसमोर सांगावं लागलं. बाईंचे डोळे भरून आले. भावोजी मान हलवत राहिले आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाख गुंडाळला, टोक आकड्यात अडकवलं आणि वर न बघता चालायला लागले.

मी चाक धरून बसले. "भावोजी, काही राहिलं का?"

"नाही."

त्या दिवशी त्यांनी मागे वळून बघितलं. एकदा नाही, दर चार पावलांनी. धाग्यात गाठोडी येत गेली. दुपारपर्यंत वळलेलं सगळं त्यांनी कोपऱ्यात फेकून दिलं. दुसरा दिवस तसाच, तिसराही. जेवताना गप्प, चहा पिताना गप्प. आणि मला हायसं वाटायला हवं होतं, नाही का? शेवटी एकदाचे या माणसाचे डोळे उघडले, इतकी वर्षं मी हेच तर सांगत होते. पण आपण रोज ज्या खांबाला लाथ मारतो तो खरंच हलला, तर जसं होईल तसं झालं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"भावोजी, तुम्ही देवाला मानणं सोडलंत का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मानतो की. बोलत नाही फक्त."

"म्हणजे?"

"कट्टी."

सत्तरीच्या घरातला माणूस, मांडीवर वाखाची गुंडाळी, आणि कट्टी! हसावं की रडावं मला कळेना. "त्याला कळलंय का पण, तुमची कट्टी आहे ते?"

"कळलं असणार," ते म्हणाले. "तोही गप्प आहे."

मी उठले आणि पाणी प्यायला गेले. माझंही त्याच्याशी बोलणं बंद होतं, पण ते वेगळं. मी हक्कच सोडून दिला होता. हे मात्र रुसले होते, आणि रुसणारा माणूस दाराकडे कान लावून बसलेला असतो. तिन्ही दिवस त्यांनी शेडची एकही खिडकी लावू दिली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

त्यानंतरची ती दुपार. हवा अगदी पडलेली होती. ऊन पिवळं आणि दाट, भुसा जागच्या जागी थांबलेला. चाक फिरवता फिरवता माझी मान खाली गेली होती. मध्येच डोळा उघडला तर ताईचा डावा हात चादरीबाहेर आला होता आणि हळूहळू पुढे सरकत होता. मला वाटलं स्वप्नच आहे. तो हात आकड्यापुढच्या धाग्याशी आला. एक बोट धाग्यावर टेकलं. मी ओरडणार होते, ताई, बोट कापेल! तेवढ्यात तिने त्या बोटाने धाग्यावर टिचकी मारली. एकच.

पार तिकडच्या टोकाला भावोजी जागच्या जागी थांबले.

मी बघितलं, त्यांचा खांदा पांढऱ्या खुंटीला टेकला होता. ते आपल्या बोटांकडे बघत होते, बोटांवर पाखरू येऊन बसावं तसे, न हलता. मग त्यांनी समोर बघितलं. एक पाऊल पुढे आले, पुन्हा मागे गेले, आणि थांबले. ताईने पुन्हा टिचकी मारली. ताणलेल्या धाग्यातून ती सबंध शेडभर गेली आणि त्यांच्या बोटांत पोचली.

भावोजी हसायला लागले. तिथेच, भिंतीपाशी उभे राहून, दोन्ही हातांत धागा घट्ट धरून ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. धागा खुंटीला बांधून ते परत आले, ताईच्या खाटेपाशी उभे राहिले आणि छताकडे बघून म्हणाले, "बट्टी."

मग मला समजावून सांगायला लागले, जणू मला पत्ताच नाही. "मी आवाज मागितला, त्याने बोट दिलं. बरोबरच आहे, आवाज देऊन काय उपयोग? मला ऐकू कुठे येतं! माझ्या लक्षातच आलं नाही हे. बघ, त्याच्या आलं."

माझ्यातली तपासनीस गप्प बसेना. "एवढं लक्षात आलं, तर मग अर्धं अंग कशाला नेलं तिचं?"

ते विचारात पडले. खरंच पडले, उत्तर टाळायचं म्हणून नाही. "ते मला नाही माहीत," शेवटी म्हणाले. "भेटला की विचारू."

पुढचे दिवस मला एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. एक टिचकी म्हणजे पोचलात. दोन म्हणजे चहा. बोट धाग्यावरून नुसतं हलकेच फिरवलं तर काय, हे त्या दोघांनी मला कधी सांगितलं नाही. पण तिकडे भावोजींचा चेहरा उजळायचा आणि इकडे ताई अर्ध्या तोंडाने लाजायची. मी मध्ये चाक फिरवत बसलेली. नवीन लग्न झालेल्यांच्या खोलीत चुकून शिरल्यासारखं मला वाटायचं. दोर असे निघायला लागले की नेणारी माणसं ते हातावरून फिरवत उभी राहायची. मी सुद्धा गुणगुणायला लागले होते, हे सुताराने मला सांगितलं तेव्हा कळलं.

तरी भीती होतीच. ताई दिवसेंदिवस हलकी होत होती. तिला उचलून बसवताना ते कळायचं. एकदा तिचा डोळा लागलेला बघून मी भावोजींच्या कानाशी जाऊन विचारलं, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आठवतं ना? भीती नाही वाटत?"

"वाटते की. फार वाटते." त्यांनी वाखाची गुंडाळी खाली ठेवली. "म्हणून तर त्याला म्हणतो, मागचं तू बघ. भीती नसती तर मीच बघितलं नसतं का?"

ती सकाळ धुक्याची होती. खिडक्या दुधाळ झाल्या होत्या आणि शेडचं तिकडचं टोक नीट दिसत नव्हतं. भावोजींनी ताईची चादर सारखी केली, तिचं बोट उचलून धाग्याजवळ ठेवलं, वर बघून नेहमीचं म्हणाले आणि निघाले. मी चाक फिरवत होते. ते धूसर होत गेले. मध्यावर असतील तेव्हा ताईने धाग्यावरून बोट फिरवलं, ते आपलं त्यांच्यातलं बोलणं. मी समोर बघत राहिले. थोड्या वेळाने सहज खाली नजर गेली तर बोट धाग्यावर नव्हतं. हात खाटेवर उताणा पडला होता, अगदी सैल. तिचे डोळे अजून त्या टोकाकडेच होते, पण त्यांतलं बघणं संपलं होतं.

ओरडून ऐकणार कोण होतं? हात मात्र सवयीने चाक फिरवत राहिले. भावोजी पांढऱ्या खुंटीपाशी आले आणि थांबले. एव्हाना टिचकी यायला हवी, या अंदाजाने वाट बघत होते. बोटं धाग्यावर, मान थोडी कललेली, ऐकत असल्यासारखी. टिचकी आली नाही. त्यांनी समोर, खाटेकडे बघितलं. एवढ्या लांबून, त्या धुक्यातून त्यांना काय दिसलं असेल? पण ते बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी आणखी एक पाऊल मागे टाकलं. न बघता. मग आणखी एक. लहानपणापासून ज्या भिंतीची धास्ती, तिच्याकडे तो म्हातारा पाठ करून जात होता. त्यांची पाठ भिंतीला टेकली. आदळली नाही, टेकली. धागा तुटला नाही. ते तसेच टेकून उभे राहिले, हातात धागा, डोळे ताईवर.

"पोचली," ते म्हणाले.

त्या शेडमध्ये आवाज नळीतून आल्यासारखा यायचा. मला स्पष्ट ऐकू आलं. मग म्हणाले, "चाक एकदम सोडू नकोस, धाकटे. पीळ उलटेल." त्यांनी ते टोक खुंटीला बांधलं, सावकाश चालत आले, खाटेपाशी गुडघ्यांवर बसले, तिच्या हाताखाली आपलं डोकं घातलं आणि लहान मूल रडतं तसे मोठमोठ्याने रडले. मीही रडले. माझ्या नवऱ्याच्या वेळचं राहिलेलंही त्यात रडून घेतलं.

त्यानंतर बरेच दिवस शेड बंद होती. मी बॅग भरायला काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. म्हाताऱ्याला एकट्याला टाकून जाववेना. एका सकाळी बघते तर ते कमरेला वाख गुंडाळून उभे. "चाकावर बसतेस का गं?"

बसले. बाजूची जागा रिकामी होती. खाट हलवली होती, पण तिचे चार पाय जमिनीवर उमटलेले होते. भावोजींनी टोक अडकवलं, वर बघितलं. मला वाटलं, आज काही वेगळं म्हणतील. "मागचं तू बघ रे," ते म्हणाले आणि निघाले.

मी मनाशी ठरवलं होतं. ते खुंटीपाशी आले तशी मी हात पुढे केला आणि धाग्यावर टिचकी मारली. ते थांबले. माझ्याकडे बघून हसले. आणि मागे चालत राहिले, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. तिथे डोळे मिटून जरा वेळ उभे राहिले.

परत आल्यावर मी त्यांच्या कानात ओरडले, "कळलं नाही का? मी टिचकी मारली होती!"

"कळली की. तुझं बोट फार जड आहे."

"मग थांबला का नाहीत?"

ते कमरेचा वाख सोडत होते. "इतकी वर्षं उगाच घाबरलो बघ त्या भिंतीला. त्या दिवशी टेकलो तेव्हा कळलं." वाखाची टोकं त्यांनी हळूच सारखी केली. "टेकायलाच तर असते ती."

ते चहा करायला आत गेले. मी चाकापाशी एकटीच राहिले. ऊन आत आलं होतं, भुसा तरंगत होता. काय मनात आलं कोण जाणे, मी उठले, चाकाकडे तोंड केलं आणि एक पाऊल मागे टाकलं. हातात धागा नव्हता, काही नव्हतं. वर बघून काही म्हणायचं मला जमलं नाही. माझं त्याच्याशी अजून सूत जुळलेलं नाही. नुसतं मागे चालत गेले. उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. निम्म्यावर राहवलं नाही, मान वळवून बघितलंच. भिंत होती तिथेच होती. मग पुढचं मी न बघता चालले.

मध्येच केव्हातरी भावोजी दोन कप घेऊन चाकापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी कप खाली ठेवले आणि बघत राहिले. खांद्याला काहीतरी लागलं, ती चुन्याची खुंटी होती. आणि त्या टोकाकडून त्यांनी हात तोंडाशी धरून मोठ्याने हाक मारली, "धाकटे, पोचलीस!"